जुन्या चित्राची तैलरंगात प्रतिकृती : चौकटीपासून वॉर्निशपर्यंत कामाचा क्रम

दिवाळीला दिलेलं चित्र होळीपर्यंत काळवंडतं. मुळाच्या मानाने चेहरा रुंद वाटतो. कॅनव्हासच्या पाठीमागे तेलाचे डाग उमटतात. पुढच्या उन्हाळ्यात भेगा पडतात. लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, प्रतिकृती करून देणाऱ्यांच्या तक्रारी याच चार. यांतली एकही तक्रार हात कच्चा असल्यामुळे येत नाही. प्रमाण, अस्तर, थरांचा क्रम किंवा वाळण्याची मुदत, यांपैकी कुठंतरी घाई झालेली असते. त्यामुळे खाली रंगवण्याइतकीच जागा तयारीला दिली आहे. मापं 24 × 36 इंचाच्या, एक-दोन आकृत्या असलेल्या चित्रासाठी धरली आहेत.

मुदत आधीच ठरवा. या मापाला अस्तरापासून शेवटच्या हातापर्यंत सात ते नऊ आठवडे लागतात, आणि वॉर्निश त्यानंतर काही महिन्यांनी. दिवाळीत भेट द्यायची असेल तर जूनमध्ये कापड ताणलेलं हवं. पितृपक्षात ऑर्डर घेऊन लक्ष्मीपूजनाला तैलचित्र देतो म्हणणारा माणूस एकतर ॲक्रिलिकमध्ये काम करतो किंवा ओलं चित्र देतो.

## टप्पा 1 : कोणतं चित्र, आणि कोणाचं

भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. राजा रवी वर्मा 1906 मध्ये गेले, चित्रकार एम. व्ही. धुरंधर 1944 मध्ये. दोघांच्याही चित्रांची प्रतिकृती मोकळेपणाने करता येते. चित्रकार एस. एल. हळदणकरांचं, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्र मात्र बाजारात सर्रास रवी वर्मांच्या नावावर खपतं. ते रवी वर्मांचं नाही आणि तैलरंगातलंही नाही, ते जलरंग आहे. हळदणकर 1968 मध्ये गेले, म्हणजे 2028 अखेरपर्यंत त्या चित्रावर हक्क आहे. गिऱ्हाईक नाव सांगतं ते खरं धरू नका. चित्र कोणाचं, कोणत्या माध्यमातलं, मूळ माप काय, या तीन गोष्टी संग्रहालयाच्या नोंदीतून काढा.

अजिंठ्याची मागणी आपल्याकडे कायम असते, विशेषतः पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची. ती भित्तिचित्रं कोरड्या गिलाव्यावर केलेली आहेत, त्यात तेल नाही आणि चकाकीही नाही. तैलरंगात करायचीच असतील तर तेल कमी ठेवा आणि शेवटी मॅट वॉर्निश लावा. चकचकीत पद्मपाणी कॅलेंडरसारखा दिसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : भिंतीवर आज दिसणारा पिवळट-तपकिरी झाक सगळा मूळचा नाही. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला इटालियन संवर्धकांनी तिथं शेलॅक (लाखेचं वॉर्निश) लावलं, ते पुढे पिवळं पडलं. त्यावर दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोचा पिवळेपणा चढतो. फोटो जसाच्या तसा उतरवला तर दोन्ही पिवळेपणा तुमच्या कॅनव्हासवर येतात.

हाच प्रश्न युरोपीय चित्रांतही येतो. डच चित्रकार व्हरमीरच्या मोत्याचा डूल घातलेल्या मुलीमागची काळी पार्श्वभूमी एकेकाळी हिरवा पडदा होती. 2018 मधल्या तपासणीनंतर हे स्पष्ट झालं. वरचा हिरवा पारदर्शक थर काळाच्या ओघात विरून गेला आहे. प्रतिकृती करताना आजचं रूप घ्यायचं की मूळचं, हे आधी ठरवा आणि गिऱ्हाइकाला सांगा. आमच्या मते आजचं रूप घ्यावं. मूळचं रूप म्हणजे शेवटी अंदाजच.

## टप्पा 2 : प्रमाण

सगळ्यात जास्त चित्रं इथंच बिघडतात. फ्रेमवाल्याकडे 12 × 18, 18 × 24, 24 × 36 अशी ठरलेली मापं असतात आणि चित्र त्या मापात बसवलं जातं. जुने चित्रकार ही मापं पाहून रंगवत नव्हते.

हिशोब सोपा आहे. व्हरमीरचं ते चित्र 44.5 सेंमी उंच आणि 39 सेंमी रुंद. 24 इंच रुंदी ठेवली तर उंची 24 × 44.5 ÷ 39 = 27.4 इंच येते. तेच 24 × 36 वर ताणून बसवलं तर चेहरा 31 टक्के लांब होतो. उलट 36 इंच उंची हवी असेल तर रुंदी साडेएकतीस इंच लागते. गिऱ्हाइकाला 24 × 36 च हवं असेल तर तीन वाटा उरतात : चित्र प्रमाणात ठेवून फ्रेममध्ये रुंद माउंट घालणं, पार्श्वभूमी वाढवणं किंवा एखादी बाजू कापणं. ताणणं या यादीत नाही.

फ्रेमची आतली खाच चारी बाजूंनी पाव इंच झाकते. सही, पायाची बोटं, साडीचा काठ अशी गोष्ट कडेला असेल तर कॅनव्हास प्रत्येक बाजूला पाव इंच मोठा धरा.

तपासा : फोटोची उंची भागिले रुंदी, आणि चौकटीची उंची भागिले रुंदी. दोन्ही आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर सुताराकडे जाऊ नका.

## टप्पा 3 : समोर ठेवायचा नमुना

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून चित्र करू नका. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट ही संग्रहालयं हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइल फुकट उतरवू देतात. रवी वर्मांच्या बाबतीत ओलिओग्राफ आणि मूळ तैलचित्र यांची गल्लत टाळा. ओलिओग्राफ हा दगडावरून छापलेला रंगीत ठसा आहे. त्यात छटा कमी आणि कडा कडक असतात. बाजारातल्या बहुतेक प्रतिकृती त्या ठशांच्या प्रतिकृती असतात, म्हणून चेहरे पुठ्ठ्याचे वाटतात.

मोठी फाइल मिळाली की फोटो लॅबमधून मॅट कागदावर तीन प्रिंट काढा : एक पूर्ण रंगीत, एक पूर्ण काळा-पांढरा, आणि एक फक्त चेहरा व हातांचा, चित्रात येणार त्याच मापाचा. फ्लेक्सवाल्याकडून प्रिंट काढू नका, तिथं लाल आणि निळा दोन्ही भडकतात. छटा काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरून ठरवायच्या आणि रंग रंगीत प्रिंटवरून. रंगासाठी मोबाइलचा पडदा वापरणार असाल तर त्यावरचा नाइट मोड बंद करा आणि पडद्याचा उजेड एकाच पातळीवर ठेवा.

कामाच्या जागी उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड उत्तम. तो नसेल तर 5000 ते 5500 केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा एलईडी लावा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या पिवळ्या बल्बखाली रंग कालवू नका. ब्रश धुवा, पॅलेट झाका, बाकीची कामं करा.

## टप्पा 4 : चौकट आणि कापड

सुतार फोटोफ्रेमसारखी सपाट चौकट करून देतो. अशा चौकटीच्या आतल्या कडेला कापड टेकतं आणि वर्ष-दोन वर्षांत तिथं सरळ रेघ उमटते. पट्टीची पुढची बाजू आतल्या अंगाला उतरती रंधून मागा; बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच राहिली पाहिजे. वाळलेलं सागवान, दीड इंच रुंद आणि एक इंच जाड, मध्ये एक आडवी पट्टी. ती पट्टी कापडापासून मागे असावी. कोपरे खिळ्यांनी कायमचे ठोकण्यापेक्षा पाचर बसेल असे करून घ्या, म्हणजे ढिला पडलेला कॅनव्हास नंतर ताणता येतो. पावसाळा आणि उन्हाळा यांत हवेचा ओलावा इतका बदलतो की कापड हललंच.

मांजरपाट वापरू नका, ते पातळ असतं आणि अस्तराच्या वजनाने झोळ येतो. दर चौरस मीटरला 300 ग्रॅम किंवा त्याहून जड कॉटन डक (जाड सुती कॅनव्हास) घ्या. 24 × 36 साठी 30 × 42 इंच कापा, चारी बाजूंना तीन इंच जादा.

ताणताना एका लांब बाजूच्या मध्यावर पहिली पिन, मग तिच्या समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर. तिथून कोपऱ्यांकडे, दर दोन इंचांवर, समोरासमोर. कोपरे शेवटी दुमडायचे. एक बाजू पूर्ण ठोकून दुसरीकडे गेलात तर तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या जेसो (कापडावर द्यायचं पांढरं अस्तर) लावून जात नाहीत.

तपासा : चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन मिलिमीटरच्या वर असेल तर चौकट तिरकी आहे. बोटाने टिचकी मारल्यावर कापडातून हलगीसारखा ठाम आवाज यावा.

## टप्पा 5 : अस्तर

पाठीमागे तेलाचे डाग येतात ते इथल्या कंजुषीमुळे. तेल कापडापर्यंत पोचलं की सूत हळूहळू कुजतं, आणि वरच्या रंगातलं तेल शोषलं गेल्याने तो मेल्यासारखा दिसतो.

कोऱ्या कापडावर आधी ॲक्रिलिक मॅट मीडियमचे दोन पातळ हात द्या. त्यावर ॲक्रिलिक जेसोचे तीन ते चार हात. पाणी जेसोच्या एक पंचमांशाहून जास्त नको. पहिला हात आडवा, दुसरा उभा, असे आलटून पालटून. प्रत्येक हात वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं आणि धूळ ओल्या फडक्याने टिपायची. चेहरा महत्त्वाचा असेल तर आणखी एक हात, कारण सुताचा पोत डोळ्याच्या बारीक कामाला आडवा येतो. 500 मिली जेसो पुरतो.

मे महिन्यात दुपारी 42 अंशांत जेसो ब्रशखालीच वाळतो, ओढला जातो, त्याला गुठळ्या येतात. सकाळी नऊच्या आत हे काम उरका आणि पंखा बंद ठेवा. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबा. हाताला कोरडा लागला तरी आत पाणी असतं.

इशारा : भिंतीचा प्रायमर, पुट्टी, किंवा लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या डिंकात झिंक पावडर कालवून केलेलं अस्तर स्वस्त पडतं. पुट्टी गुंडाळताना तडकते आणि डिंक पिवळा पडतो. आयता प्राइम केलेला रोल आणला असेल तर त्यावरही जेसोचा एक हात द्या आणि एका कोपऱ्यावर जवसाच्या तेलाचा थेंब टाकून दुसऱ्या दिवशी मागची बाजू पाहा.

शेवटी जमीन, म्हणजे चित्राखालचा पायाचा रंग, द्या. बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने चोळा, जादा पुसा. मध्यम तपकिरी झाक मिळाली की बास. पांढऱ्या जमिनीवर प्रत्येक रंग गडद भासतो आणि चित्र शेवटी फिकट निघतं.

## टप्पा 6 : रेखाटन उतरवणं

चौकोन पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची. 24 × 36 वर दोन इंचांचे 12 × 18 म्हणजे 216 चौकोन होतात. प्रिंटवर तितकेच चौकोन आखा. वरच्या कडेला अ, आ, इ आणि डाव्या कडेला आकडे. चेहरा आणि हात येतात त्या चौकोनांचे पुन्हा चार भाग करा. बाकीच्या चित्राला तेवढ्या बारकाईची गरज नाही.

प्रोजेक्टर वापरायचा तर त्याची भिंग कॅनव्हासच्या बरोबर मध्यासमोर हवी. थोडा वर किंवा बाजूला ठेवला की आयताचा समलंब होतो आणि डोकं लहान, पाय मोठे येतात.

ट्रेस करायचं असेल तर स्टेशनरीच्या दुकानातला निळा कार्बन पेपर अजिबात नको. त्यातला रंग तेलात विरघळून वर येतो, आणि सहा महिन्यांनी गालावर निळी रेघ दिसते. त्याऐवजी ट्रेसिंगच्या मागे गेरूची पूड कापसाने चोळा, झटका आणि बोथट पेन्सिलीने गिरवा. गेरू खनिज माती आहे, ती तेलात फुटत नाही. बाजारचा गेरू रंग मिसळलेला असतो का ते आधी पाहा : चिमूटभर पूड कागदावर ठेवून टर्पेंटाइनचा थेंब सोडा. भोवती लाल कडं पसरलं तर तो गेरू परत द्या.

पेन्सिल दाबून वापरू नका. तैलरंग वर्षागणिक पारदर्शक होत जातो आणि जाड शिसं खालून दिसायला लागतं. गेरूच्या किंवा कोळशाच्या रेघा पातळ बर्न्ट अंबरने बारीक ब्रशने पक्क्या करा आणि चौकोन पुसून टाका.

तपासा : कॅनव्हास उलटा करा, प्रिंटही उलटी करा, दोन्ही आरशात पाहा. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर आणि कानाची उंची कंपासने मोजा. एक मिलिमीटरची चूक चेहऱ्यात दिसते. इथं एक दिवस गेला तरी चालेल, पुढे ती चूक रंगाने झाकत नाही.

## टप्पा 7 : सामान

रंगांची यादी लहान ठेवा : टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, कॅडमियम रेड, पर्मनंट अ‍ॅलिझरिन, अल्ट्रामरिन ब्लू, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. पांढऱ्याच्या 40 मिलीच्या तीन ट्यूब, बाकीच्यांची एकेक.

ट्यूबवरचा कोड वाचायची सवय लावा. पांढऱ्यावर पी.डब्ल्यू. 6 म्हणजे टायटॅनियम, पी.डब्ल्यू. 4 म्हणजे झिंक. झिंक व्हाइट स्वस्त मिळतो आणि बऱ्याच जणांच्या पेटीत तोच असतो. पण त्याचा थर ठिसूळ होऊन पापुद्र्यासारखा सुटतो. साध्या अ‍ॅलिझरिनचा, म्हणजे पी.आर. 83 चा, पातळ थर उन्हात उडतो. साडीची लाली त्यावर अवलंबून असेल तर पर्मनंट लिहिलेलाच घ्या.

तेल आणि पातळ करायचं द्रव्य, इथं आपल्याकडे फार गडबड होते.

- जवस आपल्या रानात पिकतं, घाण्यावर तेलही मिळतं. ते चटणीला चांगलं, चित्राला नाही : त्यातला चिकट गाळ राहतो, ते उशिरा वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. चित्रासाठी रिफाइंड लिनसीड घ्या, 100 मिली पुरतं.
- हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल दारं-खिडक्यांसाठी असतं. ते चित्र काळवंडवतं.
- रॉकेल नको, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. थिनर तर नकोच, तो खालचा थर उचलतो आणि डोकं चढतं.
- हार्डवेअरचं मिनरल टर्पेंटाइन ब्रश धुवायला चालेल. रंगात मिसळायला चित्रकलेच्या दुकानातलं डिस्टिल्ड टर्पेंटाइन, अर्धा लिटर.

इशारा : जवसाच्या तेलाचे बोळे ढिगाने टाकू नका. ते वाळताना तापतात आणि आपोआप पेटतात; पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मेमध्ये, हा धोका खराच आहे. बोळे दोरीवर मोकळे पसरा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवा.

## टप्पा 8 : थरांचा क्रम

नियम एकच : खालचा थर कमी तेलाचा आणि लवकर वाळणारा, वरचा थर जास्त तेलाचा. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि वरच्याला फाडतो. दुसऱ्या उन्हाळ्यात दिसणाऱ्या भेगांचं कारण बहुतेक वेळा हेच.

पहिला थर, छाया. बर्न्ट अंबर आणि फक्त टर्पेंटाइन. गडद भाग लावा, उजेडाचे भाग फडक्याने पुसून काढा. समोर काळी-पांढरी प्रिंट ठेवा. अंबरमधल्या मँगनीजमुळे हा थर एक-दोन दिवसांत वाळतो. इथं आयव्हरी ब्लॅक वापरू नका, तो फार उशिरा वाळतो आणि त्यावरचं सगळं काम धोक्यात येतं.

दुसरा थर, मुख्य रंग. एक भाग लिनसीड, तीन भाग टर्पेंटाइन. मोठा सपाट ब्रश, 8 आणि 12 नंबर. पार्श्वभूमी, कपडे, मग अंग. तपशील नको, डोळ्यात बुबुळही नको. प्रत्येक रंग मुळापेक्षा किंचित फिका आणि किंचित थंड ठेवा. वरचे पारदर्शक थर त्याला गडद आणि उबदार करणार आहेत. चार ते सात दिवस वाळू द्या.

तिसरा थर, घडण. एक भाग लिनसीड, दोन भाग टर्पेंटाइन. इथं चेहरा, हात, घड्या. आठवडा.

चौथा थर, ग्लेझ (पातळ पारदर्शक रंग) आणि शेवटचे उजेड. एक भाग लिनसीड, एक भाग टर्पेंटाइन. अ‍ॅलिझरिन, अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना पातळ पसरून मऊ ब्रशने थोपटायचे. ग्लेझ म्हणजे तेल ओतणं नाही. ओघळ आला तर तेल जास्त झालं.

रंग जुळवायला साधी युक्ती : प्रिंटवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवा, कालवलेल्या रंगाचा ठिपका त्यावर लावा. ठिपका दिसेनासा झाला तर रंग जुळला. दिसला तर आधी गडद-फिका तपासा, मग उबदार-थंड. बहुतेक लोक उलट करतात आणि तासभर पिवळा घालत बसतात.

तपासा : पुढचा थर देण्याआधी कोपऱ्यात कापसाला किंचित टर्पेंटाइन लावून फिरवा. कापसावर रंग आला तर अजून थांबा. काही भाग मेल्यासारखे, निस्तेज दिसत असतील तर लिनसीड आणि टर्पेंटाइन समान घेऊन तेवढ्या जागी चोळा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. न पुसता सोडलेलं तेल पिवळा डाग होतं.

## टप्पा 9 : जिथं प्रतिकृती ओळखू येते

अंगाचा रंग. सावलीत काळा घालणं ही सगळ्यात जुनी खोड. रवी वर्मांच्या स्त्रियांची सावली उबदार तपकिरी आहे : रॉ अंबर, बर्न्ट सिएना, नखभर अल्ट्रामरिन. उजेड आणि सावलीच्या मधल्या पट्ट्यात किंचित हिरवट-राखाडी झाक लागते. पांढरा, यलो ओकर आणि कणभर काळा मिसळला की ती येते. ती नसेल तर चेहरा मातीच्या मूर्तीसारखा एकसुरी दिसतो. अंगाच्या पाच छटा काचेवर एकदम कालवून ठेवा, दोन छटांमधल्या कडा कोरड्या मऊ ब्रशने एकदाच ओढा. दहादा ओढल्या की सगळं धुरकट होतं.

जर. सोनेरी पावडर किंवा सोनेरी ट्यूब वापरायचा मोह पैठणीच्या मुलखात जरा जास्तच होतो. पितळेची ती पावडर तेलात हिरवी-काळी पडते, आणि जुन्या चित्रांत ती मुळात नसतेच. जर रंगवायची तीन पायऱ्यांत. काठाची पूर्ण पट्टी रॉ अंबर आणि यलो ओकरने मध्यम गडद भरा. घडीच्या आत जाणाऱ्या भागात बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरिन घालून सावली. ती वाळल्यावर 2 नंबरच्या गोल ब्रशवर पांढरा आणि यलो ओकर जाडसर घ्या आणि घडी जिथं उजेडाकडे वळते तिथंच तुटक ठिपके टेकवा, ओढू नका. काठभर सलग पिवळी रेघ मारली की जरीची लेस होते. तीन हातांवरून पाहिल्यावर चमकली पाहिजे, जवळून नुसते डाग दिसले तरी चालतात.

मोती. व्हरमीरच्या त्या डुलात कडा जवळजवळ नाहीत. वर डाव्या अंगाला उजेडाचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं मऊ प्रतिबिंब, बाकी मागची सावली. मोत्याभोवती वर्तुळ आखलं की तो काचेची गोटी होतो.

कडा. सगळ्या कडा सारख्या धारदार असणं हे फोटोवरून केल्याचं पक्कं लक्षण. मूळ चित्रात कुठली कड पार्श्वभूमीत हरवली आहे ते प्रिंटवर पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

## टप्पा 10 : वाळवणं

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. त्याला उजेड आणि खेळती हवा लागते. गच्चीवर उन्हात ठेवला तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि सुरकुत्या येतात. हेअर ड्रायरनेही तेच होतं. अंधाऱ्या खोलीत किंवा दिवाणाखाली ठेवलं तर लिनसीड पिवळं पडतं. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी भट्टी होते, तिथून चित्र हलवा.

उन्हाळ्यात वावटळीची धूळ ओल्या रंगावर बसली की निघत नाही. लादी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, आणि चित्राचा चेहरा भिंतीकडे किंचित झुकवून ठेवा. पावसाळ्यात उलट काळजी : मागे बुरशी धरते, म्हणून चित्र आणि भिंत यांत दोन बोटं अंतर.

## टप्पा 11 : वॉर्निश

पातळ थरांना सहा महिने, जाड रंगाला वर्ष. गिऱ्हाईक थांबत नसेल तर हाताला कोरडं लागल्यावर रिटचिंग वॉर्निशचा पातळ हात द्या आणि खरं वॉर्निश नंतर लावून देण्याचं बिलावर लिहा.

लाकडाचं वॉर्निश, लॅकर स्प्रे चालणार नाही. ते पिवळं पडतं आणि काढता येत नाही, चित्राचं वॉर्निश मात्र पुढे कधीतरी काढून नवं लावायचं असतं. दिवस कोरडा हवा. डिसेंबर-जानेवारी आपल्याकडे उत्तम. पावसाळी हवेत लावलं तर वर दुधट धूसरपणा येतो. चित्र आडवं ठेवा, दोन इंची सपाट ब्रशने एका दिशेने पातळ हात, दहा मिनिटं आडवंच, मग उभं. मागे वळून सुटलेल्या जागा भरायला जाऊ नका, त्या दुसऱ्या हातात भरतात.

## टप्पा 12 : पाठीवरची नोंद आणि पाठवणी

मूळ चित्रकाराची सही उतरवू नका. ती उतरवली की प्रतिकृतीची बनावट होते. खोट्या भेगा, चहाचं पाणी, धुराचा काळेपणा हेही नको. पॅरिसच्या लूव्रमध्ये बसून प्रतिकृती करणाऱ्यांना माप मुळापेक्षा एक पंचमांशाने लहान किंवा मोठं ठेवावं लागतं. तो नियम घरीही पाळायला हरकत नाही. कॅनव्हासच्या मागे चौकटीच्या लाकडावर लिहा : प्रतिकृती, मूळ चित्र आणि चित्रकार, तुमचं नाव, महिना-वर्ष, जेसो व रंग कोणते, वॉर्निश केव्हा. रवी वर्मांची मूळ चित्रं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली परदेशी नेता येत नाहीत. पुण्या-मुंबईमार्गे मुलांकडे अमेरिकेत जाणारी प्रतिकृती विमानतळावर अडली तर ही नोंद आणि बिल कामाला येतं.

फ्रेमला काच लावू नका. मागे पुठ्ठा लावायचा तर हवेला दोन भोकं ठेवा आणि खालच्या कोपऱ्यांना रबराचे ठिपके चिकटवा.

बबल रॅप रंगाला थेट लावला तर ट्रॅव्हल्सच्या डिकीत, उन्हात, त्याचे गोल गोल ठसे उमटतात. चार कोपऱ्यांना जाड थर्माकोल बसवा, त्यावर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याबाहेरून बबल रॅप. रंगाला काहीच टेकता कामा नये. गुंडाळून पाठवायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, निदान सहा इंच व्यासाच्या नळीवर. आत ठेवून गुंडाळलं तर रंगाचा थर दाबला जाऊन चुण्या पडतात. तीन महिन्यांच्या आतलं चित्र गुंडाळायला नकारच द्या.